गाळलेल्या अडतीस टेस्ट

"ताई, परवा दोनशे चौदा आणि आज दोनशे बावन्न. दोन दिवसांत टेस्ट वाढल्या का काय?"

इर्शाद बारगीर हे इतक्या सहज म्हणाला, की मी आधी मान वर केलीच नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी. अकरा वाजून गेले होते आणि मी डब्यातले शेंगदाणे सोलत बसले होते.

"वाढतील कशा? नव्या टेस्ट मीच लिहिते ना," मी म्हटलं. "नीट बघ, कुठला तरी जुना कागद धरला असशील."

"परवाचा कागद तुमच्या सहीचा आहे."

मी उठून त्याच्या टेबलाशी गेले. दोन्ही याद्या हिरव्या होत्या. एकही टेस्ट नापास नव्हती. फक्त परवाच्या यादीच्या अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरात एक ओळ होती. आमच्यातलं कुणी ती ओळ कधी वाचत नसे, कारण हिरवं दिसलं की पानाच्या तळाशी जातो कोण? 'अडतीस टेस्ट वगळल्या. कंपायलर ओळखला नाही.'

माझ्या हातातले दाणे खाली सांडले. ते वेचायला मी वाकले आणि वाकलेलीच राहिले.

कुपवाडच्या एमआयडीसीत बिरनाळे साहेबांचा छोटा कारखाना होता. आम्ही सिरिंज पंप बनवायचो. ज्या रुग्णाला औषध थेंबाथेंबानं, मोजून, तासन् तास द्यायचं असतं त्याच्या उशाशी हे यंत्र असतं. पंपातला प्रोग्राम इर्शाद लिहायचा आणि तो बरोबर चालतो की नाही हे माझ्या टेस्ट बघायच्या. आम्ही लिहितो ती भाषा यंत्राला कळत नाही. ती यंत्राच्या बोलीत उतरवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. मी कीर्तनाची वेडी, त्यामुळं मला तो कीर्तनकारासारखा वाटायचा. पोथी तीच, पण सांगणारा बदलला की अर्थाला वेगळं वळण लागतं. म्हणूनच अडतीस टेस्ट अशा होत्या, की ज्या आधी कंपायलर कोण ते विचारायच्या आणि मगच सुरू व्हायच्या. औषधाचा वेग, सिरिंज संपत आल्याची सूचना, नळी तुंबल्याचा अलार्म, अशा जिवाशी गाठ असलेल्या सगळ्या गोष्टी त्या अडतिसांत होत्या.

खंडेनवमीला साहेब कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करायचे. लेथची, सोल्डरिंगच्या टेबलाची, आणि ज्या कॉम्प्युटरवर पंपाचा प्रोग्राम तयार व्हायचा त्याचीही. झेंडूची माळ, हळदकुंकू, वर नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. ते स्वतः जैन, पण वडिलांपासून चालत आलेली ही रीत त्यांनी कधी मोडली नाही, आणि मला तर ती जीव की प्राण. यंत्रालाही वर्षातून एक दिवस विसावा हवा, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

त्या वर्षी नेमका पूजा झाल्यावर कराडच्या हॉस्पिटलातून फोन आला. नवजात बाळांच्या वॉर्डात दसऱ्याच्या मुहूर्तावर आमचे सहा पंप लागायचे होते आणि पडद्यावरच्या सूचना मराठीत हव्या होत्या. बदल चार ओळींचा. पण यंत्र तर माळ घालून बसलेलं. इर्शाद तेव्हा बेळगावच्या कामावरून नुकताच आला होता, त्याचा लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत, म्हणजे पूजेतून सुटलेला. साहेब म्हणाले, "त्याच्यावर कर की." त्यानं केलं. माझ्या टेस्ट चालवल्या. हिरवं आलं. मी सही केली आणि घरी जाऊन पुरणाला डाळ घातली.

आज सगळ्या टेस्ट मोठ्या यंत्रावर चालल्या होत्या, पण त्या लॅपटॉपवर दुसरा कंपायलर होता. माझ्या टेस्टनी त्याला नाव विचारलं, नाव आमच्या यादीत सापडलं नाही, आणि त्या अडतीस जणी गुपचूप बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. मी सांगितलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पंप खराब आहेत, असं नाही," ते म्हणाले.

"नाही. चांगले आहेत असंही नाही. आपल्याला ठाऊकच नाही."

"आत्ता किती चालू आहेत?"

"काल संध्याकाळी सिस्टरांचा फोन होता," इर्शाद म्हणाला. "चार बाळांना लावलेत."

"सर, मी फोन करते. पंप काढा म्हणून सांगते."

"आणि ते काय लावतील, गोदाताई? जुने दोन पंप आहेत त्यांच्याकडं. बाकीच्या दोन बाळांना काय, चमच्यानं पाजायचं? आपल्याला शंका आहे, खात्री नाही. शंकेपायी वॉर्डात धावपळ झाली आणि तिथंच काही चुकलं, तर? आधी तपासा. किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," इर्शाद म्हणाला.

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. म्हणूनच मी ऐकलं. आज इतक्या वर्षांनी त्या अर्ध्या तासाचा हिशेब मी पुन्हा पुन्हा करते, पण तेव्हा मी ऐकलं हे खरं आहे.

आमच्याबरोबर बाहेर येताना साहेबांनी विचारलं, "हे वगळायचं कुणी लिहिलं? ओळखता आलं नाही तर नापास म्हणायचं सोडून वगळा म्हणे."

कुणी कधी कुठली ओळ बदलली याची नोंद राहते. इर्शादनं ती काढली. तीन वर्षांपूर्वीची, बावीस जुलै, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. नाव, इर्शाद बारगीर.

इर्शाद त्या ओळीकडं बघत राहिला. "असेल सर," तो म्हणाला. "आठवत नाही."

"नंतर बोलू आपण," साहेब म्हणाले, आणि तो 'नंतर' चांगला नव्हता.

मी काही बोलले नाही.

टेबलाशी बसल्यावर इर्शाद म्हणाला, "लॅपटॉपच्या कंपायलरचं नाव यादीत घालतो. पाच मिनिटांत अडतीसच्या अडतीस चालतील."

"थांब."

"ताई, वेळ नाही."

"नाव घातलं तर टेस्ट त्याला आपल्याच कंपायलरचा भाऊ समजतील. याचं जे असतं तेच त्याचं असणार, असं धरून चालतील. पुन्हा नावावरच विश्वास झाला की."

आमच्या देवळातले बुवा म्हणायचे, कपाळावरचा टिळा बघून साधू ठरवू नका रे, त्याच्या दारात एक उपाशी माणूस उभा करा आणि मग बघा. मला त्या घटकेला बुवा आठवले असं मी म्हणणार नाही. मला काहीच आठवत नव्हतं. पण मी लिहिलं ते तसंच काहीसं होतं. कंपायलरला नाव विचारायचंच नाही. त्याला पाच-सहा ओळींचं एक लहानसं काम द्यायचं, ते त्याच्याकडून करून घ्यायचं आणि उत्तर बघायचं. मोठा आकडा कसा धरतोस? भागाकार कसा करतोस? उणे एक सगळ्यात लहान कप्प्यात ठेवला तर परत काय देतोस? उत्तर आलं नाही किंवा वेगळं आलं, तर वगळायचं नाही. लाल दाखवून थांबायचं.

तीन वेळा मी कंस चुकवला. इर्शाद शेजारी उभा राहून एक एक ओळ बोटानं दाखवत होता. आधी आमच्या मोठ्या यंत्रावर चालवलं, ज्याच्या गळ्यात अजून झेंडू सुकत होता. सगळी उत्तरं बरोबर. मग लॅपटॉपवर. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला त्यानं उणे एकच्या जागी दोनशे पंचावन्न दिले.

"असं कसं?" इर्शाद म्हणाला.

"लहान कप्प्यात ह्याला उणे चालत नाही. उणे एक ठेवला की हा फिरवून दोनशे पंचावन्न करतो. दोन्ही रिती बरोबर धरतात, पण आपण दुसरी धरून लिहिलेलंच नाही." मी त्याच्याकडं वळले. "इर्शाद, आपण उणे एक कुठं कुठं वापरतो?"

तो खुर्चीवर बसला नाही, टेबलाला टेकला. त्याचा आवाज अगदी खाली आला. "एकाच ठिकाणी. नळी तुंबली की आतून उणे एक येतो. शून्याखाली आकडा दिसला की अलार्म वाजतो."

"आणि दोनशे पंचावन्न आले तर?"

"तर पंपाला वाटतं सगळं ठीक आहे."

अडतीस टेस्ट आम्ही चालवल्याच नाहीत. बारा वाजायला सात मिनिटं होती. आम्ही बसून पंचवीस मिनिटं झाली होती. मी साहेबांना न विचारता वॉर्डाचा नंबर लावला. साहेब दारात येऊन उभे राहिले, पण या खेपेला त्यांनी अडवलं नाही.

फोन सिस्टर सुवार्ता लोंढे यांनी घेतला. त्या वॉर्डच्या मुख्य नर्स, बोलणं चटपटीत.

"बोला गोदाताई, पंप एकदम झकास. सकाळपासून एकदासुद्धा कुरकुर नाही. नाहीतर ते जुने, दर घटकेला केकाटायचे."

"सिस्टर, माझं ऐका. चारही बाळांच्या नळ्या हातानं बघा. आत्ता. सुईपासून पंपापर्यंत. पंप काय दाखवतो ते बघू नका."

"का हो?"

"नळी तुंबली तर त्याचा अलार्म वाजणार नाही. आमची चूक झालीय."

पलीकडं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि चपलांचा. "रोज अर्ध्या तासानं मी हात लावते," दूर जाता जाता त्या कुणाला तरी सांगत होत्या, "नवे पंप आलेत म्हणून आज नाही लावला."

आम्ही तिघं त्या फोनभोवती उभे होतो. लांबून आवाज आला, "एक नंबर मोकळी." थोड्या वेळानं, "दोन मोकळी." मी नामस्मरण करायला गेले. लहानपणापासून जे नाव झोपेतही तोंडात असतं ते मला त्या वेळी आलं नाही. ओठ हलत होते, आत काहीच नव्हतं. तीन नंबरचं काही ऐकू आलं नाही. मग एकदम जोरात, "डॉक्टरांना बोलवा. चार नंबर. नळी दुपट्याखाली दुमडलीय."

"किती वेळ झाला असेल?" साहेबांनी फोनमध्ये विचारलं, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं. सहा-सात मिनिटांनी सिस्टरांनी फोन उचलला. धाप लागली होती.

"नऊला दुपटं बदललं, तेव्हाच वळली असणार. तीन तास औषध नाही, साखरेचं पाणी नाही. पंप तर हिरवा दाखवत होता. बाळ रडत नव्हतं, आम्हाला वाटलं शांत झोपलंय." त्या थांबल्या. "साखर अठ्ठावीस आलीय. पंचेचाळीसच्या खाली जायला नको. डॉक्टर देतायत. मला जायला पाहिजे."

"सिस्टर, बाकीचे पंप..."

"काढायला लावलेत. दोन बाळांना जुने लावते, दोघांजवळ शिकाऊ नर्स मुली बसवते थेंब मोजायला. ठेवते."

साहेबांनी गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "गाडी घ्या आणि निघा दोघं. मी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलतो. काही लपवायचं नाही."

इर्शादनं मोठ्या यंत्रावर प्रोग्राम नव्यानं तयार केला. नवी ओळख-तपासणी लावून दोनशे बावन्न टेस्ट चालवल्या आणि तळाची ओळ दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. वगळलेल्या शून्य. तो प्रोग्राम घेऊन आम्ही निघालो तेव्हा एक वाजला होता.

तासगावजवळ द्राक्षांच्या बागांत छाटणी चालली होती. फोन मी मांडीवर उताणा ठेवला होता. तो वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही. वाजला तर काय सांगतील? पोर दोन किलोचंही नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं. मुलगा की मुलगी तेही विचारलं नव्हतं.

पलूसच्या अलीकडं मी म्हटलं, "इर्शाद, ती ओळ मी लिहिलीय."

तो गाडी चालवत राहिला.

"त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. सहाला कीर्तन होतं, नगरहून बुवा आले होते. माझा कॉम्प्युटर अडकला म्हणून तुझ्यावर बसले. कुठल्यातरी नव्या कंपायलरवर टेस्ट लाल यायला लागल्या. नीट करायचं तर दोन तास गेले असते. ओळखला नाही तर वगळा, असं लिहून मी पर्स उचलली. उद्या नीट करू म्हटलं. उद्या विसरले. तीन वर्षं विसरले. सकाळी तुझं नाव निघालं तेव्हा मात्र आठवलं होतं, आणि तरी मी गप्प बसले."

"माहीत आहे," इर्शाद म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"रमजान चालू होता ताई. रमजानमध्ये साहेब मला साडेचारला सोडतात. पाच वाजून वीसला मी मिरजेत घरी, खजूर धूत होतो. माझ्या टेबलाशी बसतं दुसरं कोण?"

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

त्यानं गिअर बदलला. "तुम्ही बोलाल म्हणून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, कीर्तनासकट. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. "उद्या हेच कागदावर लिहून द्या," ते म्हणाले. "आज आधी ते पोर."

कराडात शिरताना सिस्टरांचा फोन आला. साखर बावन्न. "रडतंय आता," त्या म्हणाल्या. "जोरात." मी इर्शादला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि दार उघडून रस्त्याकडेला उभी राहिले.

वॉर्डात इर्शाद एकेका पंपात नवा प्रोग्राम घालू लागला. प्रत्येक पंपाची नळी हातानं दाबून तो अलार्म वाजवून बघत होता, आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून स्वतःही दाबून बघत होत्या. त्यांचा चेहरा आमच्याकडं वळत नव्हता. तो वळावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

चार नंबरच्या काचेच्या पेटीजवळ स्टुलावर बाळाची आई बसली होती. वीस-बावीस वर्षांची, पाटणकडच्या एका वाडीतली. मुलगी झाली होती. आईला तिथं सगळ्यांनी सारिका म्हणून हाक मारलेली मी ऐकली. माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून ती उठायला लागली.

"मशीनवाल्या ताई का? बसा की." तिनं पदर सावरून हात जोडले. "लई मोठं काम हाय बगा तुमचं. आज तुमच्या मशीनमुळं वाचली पोरगी. मला कुनी काय सांगितलं न्हाई, पर दुपारी समदी पळत हुती तवा मला कळलं."

सिस्टर पलीकडच्या पंपाशी थांबल्या. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"मशीननं नाही वाचवली," मी म्हटलं. "मशीनमुळंच झालं ते. नळी दुमडली की त्यानं ओरडायला पाहिजे होतं. ते ओरडलं नाही, कारण ते नीट तपासलंच गेलं नव्हतं. तपासायचं काम माझं होतं."

तिला ते समजायला वेळ लागला. ती पेटीकडं बघायची, माझ्याकडं बघायची.

"म्हंजी वराडलं असतं तर सकाळीच कळलं असतं?"

"हो. नऊ वाजताच."

"आन मग कळलं कसं?"

"आम्हाला चूक सापडली. मी सिस्टरांना फोन केला, त्यांनी हात लावून बघितलं. फोनही मी लगेच केला नाही. अर्धा तास तपासत बसलो होतो."

ती आता ओरडेल, नवऱ्याला हाक मारेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मी मान खाली घालून उभी राहिले असते, त्याची तयारी करूनच मी सकाळपासून घाबरत होते. ती ओरडली नाही. तिनं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"सहा दिस झालं, म्या पाट टेकली न्हाई," ती म्हणाली. "डोळा लागला की वाटतं कायतरी हुईल. आता तुमी बसा हितं. नळीला हात लावून बसा. म्या जरा पडते."

मी काही म्हणायच्या आत तिनं भिंतीकडेला चटई टाकली, अंगावर लुगड्याचं पांघरूण ओढलं आणि कुशीवर वळली. दोन मिनिटांत तिचा श्वास जड झाला.

मी स्टुलावर बसले. पेटीच्या भोकातून हात आत घातला आणि दोन बोटं नळीवर ठेवली. पोरीचा पाय माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा होता. झोपेत ती तो आखडून घेत होती आणि पुन्हा सोडत होती, आणि प्रत्येक वेळी मी नळी सरळ आहे ना ते बघत होते.

थोड्या वेळानं सिस्टर सुवार्ता माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"हिला जुनाच पंप लावलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचा अलार्म वाजतो. हात काढलात तरी चालेल."

मी काढला नाही.